पासबुक छापायचं मशीन: पाचपैकी साडेचार तारे

आमच्या बँकेच्या शाखेत शिरलं की डाव्या हाताला एटीएम, आणि त्याला लागून पासबुक छापायचं मशीन. कमरेच्या थोडं वर येतं. पुढे एक लांबट फट, वर तळहाताएवढा पडदा. पासबुकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेला बारकोड मशीन वाचतं, मग पासबुक आत ओढून घेतं आणि चर्र-चर्र करत मागचे सगळे व्यवहार छापतं. पान संपलं की पडद्यावर ‘पान उलटा’ असं येतं, तेवढं उलटून पुन्हा सरकवायचं. कुणाला काही विचारायचं नाही, खिडकीवर उभं राहायचं नाही. शिकलेल्या माणसाला गंमत वाटेल की पासबुकाच्या मशीनवर कुणी एवढं लिहितं का. मला या मशीननं वाचवलं, म्हणून लिहितोय.

बँकेचं नाव लिहीत नाही. ज्या रमीच्या अ‍ॅपवर मी पैसे घालवले, त्याचं तर मुळीच नाही. त्याची जाहिरात क्रिकेटच्या दोन षटकांच्या मध्ये भरपूर झालेली आहे, माझी भर नको.

मी एसटीत वाहक आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात. २० वर्षं झाली. जून २०२५ मध्ये मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी कर्ज मिळेल का, हे विचारायला शाखेत गेलो होतो. साहेब म्हणाले, “मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी भरलेलं पासबुक आणा, मग बोलू.” पासबुक पिशवीतच होतं. शेवटची नोंद होती जानेवारी २०२४ ची. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, पैसे गेल्याचा मेसेज येतो, बाकी किती ते मोबाइलवर दिसतं. मग पासबुक भरायला जातो कोण? मीही गेलो नव्हतो.

मशीनमध्ये घातलं. पहिलं पान छापून आलं. उलटलं. दुसरं आलं. माझ्या मागे एक शेतकरी मामा उभे होते, पीएम किसानचे दोन हजार आले का बघायला आलेले, त्यांच्या मागे दोन बायका. पाचवं पान झालं, सहावं झालं. मशीन थांबेना. नवव्या पानाला पासबुकच संपलं. तीन नंबरच्या खिडकीवरून मॅडमकडून नवीन घेतलं, बारकोड चिकटवून घेतला, पुन्हा रांगेत आलो. मामांचं काम तोवर झालं होतं, पण ते गेले नव्हते, पंख्याखाली वारा घेत होते. माझी पुन्हा चर्र-चर्र सुरू झाली, आणि अकराव्या-बाराव्या पानाला ते म्हणाले, “कंडक्टर, व्यापार करता काय वं?”

मी गणवेशात होतो. हसलो, काहीतरी बोललो. मान मात्र वर झाली नाही.

तेही पासबुक भरलं. दुसऱ्या नव्याची अकरा पानं भरली तेव्हा कुठे मशीन गप्प झालं. आधीचं एक पासबुक मला सहा वर्षं पुरलं होतं. इथे सतरा महिन्यांची अडतीस पानं, आणि जवळजवळ प्रत्येक ओळ एकसारखी: तारीख, यूपीआय, बारा आकडी नंबर, कुठल्याशा पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव, आणि रक्कम. ५००. २००. ५००. १००. १०००. ३००. ५००.

त्या दिवशी कर्जाच्या साहेबांकडे गेलो नाही. घरी आलो.

वाहकाला हिशेब शिकवावा लागत नाही. रात्री आगारात कॅश भरताना तिकिटांची बेरीज आणि पिशवीतली रोकड पैशापैशानं जुळवावी लागते. कमी भरली तर पदरची घालायची, जास्त निघाली तरी उत्तर द्यायचं. वीस वर्षं मी हे करतोय. तीच सवय वापरून जेवणाच्या टेबलावर तिन्ही पासबुकं पसरली, मुलीचं लाल पेन घेतलं आणि रमीच्या ओळींवर खूण करत गेलो. पैसे भरल्याच्या ६१२ ओळी निघाल्या. बेरीज ३,४१,६०० रुपये. परत आलेले ४१ वेळा, १,१२,३५० रुपये. म्हणजे चौदा महिन्यांत गेले २,२९,२५०.

लाल पेन हातात घ्यायच्या आधी कुणी देवाची शपथ घालून विचारलं असतं तर मी चाळीस हजार सांगितले असते. खोटं बोललो नसतो. मला खरंच तेवढेच वाटत होते.

खरं सांगायचं तर हे पुरतं कळायला मला आणखी दोन महिने गेले. २००९ मध्ये एका मित्राच्या लग्नात, वऱ्हाड उतरलं होतं त्या शाळेच्या व्हरांड्यात, मी तीन पत्तीत ७०० रुपये हरलो होतो. ती रात्र मला आजही दिसते. शंभराच्या सात नोटा होत्या, त्यातल्या एकीवर निळ्या शाईनं कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला. सहावी नोट टाकताना हात अडखळला होता. सातवी टाकून मी उठलो, कारण आठवी नव्हतीच. आणि इथे १३ मार्च २०२५ ला, होळीच्या दिवशी, पासबुकात एका तारखेच्या एकोणीस ओळी आहेत आणि ९,४०० रुपये गेलेत. त्या दिवसाचं मला काय आठवतं? कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांची गर्दी आठवते. ड्रायव्हर अण्णांनी आणलेली पुरणपोळी आठवते. रमीचं म्हणाल तर, ‘आज हजार-दीड हजार गेले वाटतं’ एवढंच मनात होतं. शेवटच्या चार ओळी शंभर-शंभरच्या आहेत. खात्यात तेवढेच उरले असणार.

आता अ‍ॅपबद्दल. तेही एक वस्तूच आहे, आणि वस्तू म्हणून पाहिलं तर बनवणाऱ्याला मानलं पाहिजे.

सुरुवात झाली मुक्कामी गाडीवर. रात्री साडेआठला गाडी गावात पोचते, पहाटे सहाला परत. मधले साडेनऊ तास वाहक-चालकानं करायचं काय? पूर्वी गावातली चार माणसं यायची, गप्पा व्हायच्या. आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅप घेतलं, त्यांनीच खेळायला थोडे पैसे फुकट दिले. पॉइंटला ५० पैसे असं टेबल. ऐंशी पॉइंटांनी हरलो तरी जाणार ४० रुपये. वडापाव-चहाचा खर्च. पानं चांगली नसतील तर पहिल्याच फेरीत ड्रॉप करा, वीस पॉइंट, दहा रुपये. कोण म्हणेल याला जुगार? आणि जाहिरातीत सांगायचेच की रमी हा कौशल्याचा खेळ आहे. सुप्रीम कोर्टानं १९६८ सालीच तसं म्हटलंय, हे मला आगारातल्या एकानं ऐकवलं होतं. कोर्टासमोरची रमी ही क्लबात समोरासमोर बसून, हातात पत्ते घेऊन खेळायची रमी होती, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दोन महिन्यांत मी पाच रुपये पॉइंटच्या टेबलावर होतो. तिथे एक डाव पूर्ण हरला की ४०० जातात, आणि दोघांचा डाव तीन-चार मिनिटांत संपतो.

पैसे संपले की काय होतं ते सांगतो, सगळी कला त्यातच आहे. टेबल तसंच राहतं. समोरचा खेळाडू तसाच. पत्त्यांवर एक चौकोन उगवतो, त्यात चार बटणं: १००, ५००, १०००, २०००. पाचशेचं बटण आधीच रंगवलेलं असतं, म्हणजे तुम्ही काही निवडलंच नाही तर पाचशे. ते दाबलं की यूपीआयचं अ‍ॅप आपोआप उघडतं, रक्कम भरलेली, नाव भरलेलं. आपण फक्त सहा आकडी पिन टाकायचा. टिंग. परत टेबलावर. मी एकदा मोजून पाहिलं होतं, नऊ सेकंद लागली. बसमध्ये एका माणसाचं एक तिकीट फाडायला मला याहून जास्त वेळ लागतो, कारण तो आधी “कुठलं?” विचारल्यावर खिडकीबाहेर बघतो.

पैसे काढायला गेलं की मात्र पॅन द्या, बँकेची माहिती द्या, ‘तुमची विनंती तपासली जात आहे’. आणि तपासणी चालू असेपर्यंत खाली एक बटण चमकत असायचं: पैसे परत खेळात घ्या. ते मी किती वेळा दाबलं त्याची नोंद पासबुकातही नाही, कारण ते पैसे खात्यात आलेच नाहीत.

ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी होता. १०० भरले की २१ रुपये ८८ पैसे सरकारला. दुकानात शंभराच्या नोटेतले एकवीस कुणी असे काढून घेतले असते तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. अ‍ॅपमध्ये तेवढ्याच रकमेचा ‘बोनस’ दिसायचा, म्हणून मी ती ओळ कधी वाचलीच नाही. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा.

आता वेबिलाची गोष्ट. ड्यूटीवर निघताना वाहकाला स्वतःच्या खिशात खासगी रोकड किती आहे ते वेबिलवर लिहावं लागतं, म्हणजे मार्गावर तपासणीवाले चढले तर महामंडळाचा पैसा कुठला आणि त्याचा कुठला हे कळतं. मी वर्षानुवर्षं लिहीत आलो: ५० रुपये. कधी ८०. होळीच्या दिवशीही पन्नासच लिहिले असतील. आणि त्याच गणवेशाच्या वरच्या खिशात मोबाइल होता, ज्यात माझा अख्खा पगार, पतसंस्थेच्या कर्जातले उरलेले, मुलीच्या फीचे बाजूला ठेवलेले, सगळे होते. त्याची नोंद घ्यायला वेबिलवर रकाना नाही. असावा असंही म्हणत नाही. महामंडळाला त्याच्याशी काय देणंघेणं? पण पन्नास रुपये घेऊन जुगार खेळायला बसलेला माणूस आणि तो मोबाइल घेऊन बसलेला माणूस, हे दोघं वेगळे.

प्रवाशांतही हा फरक मला रोज दिसतो. आमच्याकडे अँड्रॉइड मशीन आल्यापासून क्यूआर कोड दाखवून तिकिटाचे पैसे घेता येतात. त्यानं सुट्ट्यांची भांडणं कमी झाली, हे कबूल. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर आणि त्याआधी महिलांच्या अर्ध्या तिकिटामुळे सुट्ट्यांनी आमचा जीव नुसता खाल्ला होता. आम्ही तिकिटाच्या मागे ‘४ रु. देणे’ असं लिहून द्यायचो आणि ती बाई उतरताना ते चार रुपये घेतल्याशिवाय फुटबोर्डवरून हलायची नाही, मागे गाडी हॉर्न वाजवत असली तरी. बरोबरच होतं तिचं. पण तीच बाई मोबाइलवरून पैसे देते तेव्हा माझ्या मशीनवर किती आकडा आलाय हेही बघत नाही. मी एकदा चुकून एका पोराकडून पुढच्या टप्प्याचं भाडं घेतलं, नऊ रुपये जास्त. मीच हाक मारून परत दिले. त्याला पत्ताच नव्हता. रोख देताना ज्याला दोन रुपये दिसतात त्याला यूपीआयवर नऊ दिसत नाहीत, आणि हे तिकिटात. जुगारात तर समोर पत्ते असतात, ओळीनं लावायच्या पत्त्यांचा, एका पानानं अडलेला सिक्वेन्स असतो. तिथे आकडा कोण बघणार?

माझे वडील मुंबईत गिरणीत होते, लालबागच्या बाजूला, गाळ्यावर राहायचे. तेही खेळायचे. मटका. कल्याणजी भगतचा मटका १९६२ चा, रतन खत्रीचा १९६४ चा. गिरणगावात तेव्हा ओपन, म्हणजे पहिला आकडा, काय आला आणि क्लोज, म्हणजे दुसरा, काय आला यावर माणसं जेवायची किंवा उपाशी राहायची. मटका चांगला होता असं मी म्हणत नाही, त्यानं घरं बुडवली आहेत. पण वडिलांची एक पद्धत होती, आई सांगायची. पगाराच्या दिवशी आधी पोस्टात जायचं, गावी मनीऑर्डर करायची, मग खानावळीचे द्यायचे, आणि खिशात जे उरेल त्यातून आकडा लावायचा. मनीऑर्डरची पावती गावी येणाऱ्या माणसाबरोबर आईकडे यायची. बुकीकडे गेलं तर तो कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा, आणि पैसे संपलेल्याला उधार द्यायच्या आधी तोही दोनदा तोंडाकडे बघायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वडील गावी आले ते परत गेले नाहीत. मनीऑर्डर थांबली तसा मटकाही थांबला. खिसाच राहिला नव्हता.

घरातही तसंच होतं. आईचे पैसे तांदळाच्या डब्यात, दुधाचे वेगळ्या वाटीत, लग्नकार्याचे ट्रंकेत तळाला. एका पैशातून दुसऱ्यात हात घालायचा म्हणजे उठायचं, डबा काढायचा, झाकणाचा आवाज व्हायचा, कुणीतरी “काय पाहिजे?” म्हणायचं. माझ्या मोबाइलमध्ये दुधाचे, फीचे, हप्त्याचे आणि रमीचे एकाच आकड्यात बसलेले होते. झाकण नाही आणि विचारणारंही कुणी नाही.

मध्येच गोव्याचं आठवलं म्हणून सांगतो. २०१९ ला आम्ही सहा जण गेलो होतो तेव्हा मांडवीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर चढलो. तिथेही टेबलावर नोटा चालत नाहीत, चिप्स घ्याव्या लागतात. रंगीत चकत्या. मी दोन हजारांच्या घेतल्या, आणि मला खरंच ते पैसे वाटेनात, कॅरमच्या सोंगट्या वाटल्या. म्हणजे पैशाचं रूप बदललं की माणूस सैल होतो, हे जुगारवाल्यांना यूपीआयच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पण चिप्स संपल्यावर मला उठून काउंटरवर जावं लागलं. जाताना बोटीची खिडकी लागली, बाहेर पणजीचे दिवे दिसले, वारा आला. मी काउंटरवर गेलोच नाही, वर जाऊन जेवलो. त्या वीस पावलांची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. अ‍ॅपनं तेवढी पावलंच काढून टाकली आहेत.

घरी बायकोनं पासबुकं पाहिली ती दुसऱ्या दिवशी. मी लपवली नव्हती, दाखवायचं धाडसही झालं नव्हतं, टेबलावरच राहिली. रडारड झाली नाही. तिनं चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाली, “अहो, पोरीची फी यात कुठं आहे, तेवढं दाखवा.” मला चटकन दाखवता येईना. तीही यूपीआयनंच भरलेली. तशीच ओळ, तसाच बारा आकडी नंबर. खाणावळ, गॅस, फी, रमी, सगळं एका वळणाच्या अक्षरात. शेवटी रकमेवरून सापडली. मग तिनं लाल पेन घेतलं आणि मी खुणा करताना सोडलेल्या तीन ओळी दाखवल्या. मोठ्या रकमा होत्या. मी म्हटलं, चुकून राहिल्या. ती काही बोलली नाही.

त्यानंतर केलं ते एवढंच. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतलं. दुसरं एक खातं उघडलं, मोबाइल त्यालाच जोडलेला. त्यात दर सोमवारी बायको १,५०० रुपये टाकते. हाच माझा खिसा. पेट्रोल, चहा, चप्पल शिवून घेणं, सगळं त्यातून. संपले की संपले. आणि महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, दोन्ही पासबुकं घेऊन मशीनवर जायचं, दोघांनी.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, यापेक्षा जास्त त्यावर लिहीत नाही. मुक्कामी ड्यूटी मी बदलून मागितली.

नंतर ऑगस्टमध्ये कायदाच आला. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ ला, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा म्हणा नाहीतर नशिबाचा. माझ्या अ‍ॅपनंही टेबलं बंद केली, खात्यात पडून राहिलेले २१२ रुपये काही दिवसांनी परत आले. पासबुकात ती शेवटची ओळ आहे. या कायद्यात मला खेळवणाऱ्याला तीन वर्षं आणि एक कोटी दंड यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली: पैसे पोचवणाऱ्या बँकांना आणि पेमेंट कंपन्यांनाही त्यात धरलंय. म्हणजे दिल्लीतही कुणाला तरी कळलंय की हा रोग पत्त्यांत जेवढा होता तेवढाच त्या नऊ सेकंदांत होता. संसदेत आकडा सांगितला गेला की ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी घालवतात. त्यातले माझे २ लाख २९ हजार.

पण बंद झालं म्हणजे सगळं बंद झालं असं नाही. आगारातल्या एका पोराला टेलिग्रामवर परदेशी सट्ट्याची लिंक आली. तिथे पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाचं यूपीआय नाव येतं, आज कुठलं किराणा दुकान, उद्या कुणी तिसरंच. त्याला मी एकच सांगितलं, पासबुक भरून आण. तो म्हणाला, “काका, स्टेटमेंट मोबाइलवर दिसतं की.” दिसतं ना. मलाही चौदा महिने दिसतच होतं. बोटानं वर सरकवलं की पंधरा ओळी निघून जातात, आणि वर सगळ्यात आधी शिल्लक रक्कम असते, आपण तेवढीच बघतो. कागद वर सरकत नाही, आणि मागे उभ्या मामांना ऐकू जाईल असा आवाज करतो.

भाचा इंग्लंडात असतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, तिकडे १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डानं जुगार खेळता येत नाही, आणि मॉन्झो नावाच्या त्यांच्या एका बँकेनं २०१८ पासून अ‍ॅपमध्येच एक खटका दिलाय: तो पाडला की जुगाराच्या कंपन्यांना पैसे जातच नाहीत. परत चालू करायचा तर आधी त्यांच्या माणसांशी बोला आणि वर ४८ तास थांबा. ४८ तास! मला ४८ सेकंदं मिळाली असती तरी अर्धे डाव वाचले असते. त्यानंच सांगितलं की नॉर्वेत २००७ ला जुगाराची जुनी मशीनं बंद केली आणि नंतर सरकारी कंपनीनं नवी आणली, ती रोकड घेतच नाहीत. खेळाडूचं कार्ड लागतं आणि त्या कार्डावर हरण्याची मर्यादा बांधलेली असते. म्हणजे बिनरोखीचा पैसा स्वतःहून वाईट असं नाही. ज्या तारेतून नऊ सेकंदांत पाचशे जातात, त्याच तारेतून ‘आजचं पुरे’ असंही सांगता येतं. सांगायचं की नाही, हे तार ज्याच्या हातात आहे तो ठरवतो. माझ्या बाबतीत ते बाजूच्या एका आडदांड मशीननं सांगितलं, तेही चुकून. त्याला बिचाऱ्याला छापण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

आता अर्धा तारा का कापला ते सांगतो. एक, शाई. महिन्याच्या शेवटी रिबन इतकी फिकी होते की ३०० आणि ८०० सारखेच दिसतात. लाल पेन चालवताना मला चार ठिकाणी भिंग लागलं. दोन, कंपन्यांची नावं. पैसे कुणाला गेले ते माणसाला कळेल असं छापायला काय जातं? जागा नाही म्हणे. मग तो बारा आकडी नंबर कशाला, तो कुणी पाठ करतो का? तीन, वेळ. एटीएम चोवीस तास उघडं असतं, म्हणजे पैसे काढायची सोय चोवीस तास आणि काय काढलं ते बघायची सोय साडेदहा ते साडेतीन. त्यात बुधवारी ‘सर्व्हर डाउन’ची पाटी. आमच्यासारख्या पाळीच्या माणसानं जायचं कधी? मी सुट्टी धरून जातो.

शिवाय त्याच्यासमोर बसायला काही नाही. म्हाताऱ्या माणसांना उभ्यानं पानं उलटावी लागतात. मागच्या महिन्यात बायकोनं मॅनेजरसाहेबांना तसं सांगितलं, तर त्यांनी खरंच एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. त्यासाठी पाव तारा परत द्यायला हरकत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी ती एटीएमच्या वॉचमननं नेली.

कुणाला जायचं असेल तर साडेदहाला उघडल्या उघडल्या जा, अकरानंतर पेन्शनवाल्यांची रांग लागते. पासबुकावर बारकोड नसेल तर आधी तीन नंबरच्या खिडकीवर चिकटवून घ्या, मॅडम दीड वाजता जेवायला उठतात. बऱ्याच दिवसांनी जाणार असाल तर नव्या पासबुकासाठी आधार कार्डाची झेरॉक्स सोबत असू द्या. समोरच्या टपरीवर दोन रुपयांत निघते, सुट्टे घेऊन जा.